तपोदेचे ऊन पाणी



बिहारमधील राजगीर हे गाव पाहुण्याला एक दिसते आणि रहिवाशाला दुसरेच. पाहुणा टांग्यात बसून वेणुवन, गृध्रकूट आणि रत्नागिरीवरचा १९६९ साली उभा राहिलेला शांतिस्तूप एका दिवसात उरकतो. रहिवाशाचे राजगीर मात्र पहाटे कुंडावर सुरू होते. वैभार टेकडीच्या पायथ्याशी सातधारेच्या मुखांतून पडणाऱ्या ऊन पाण्याखाली खांदे शेकायचे आणि मग ब्रह्मकुंडात उतरायचे. तेथील पाणी सुमारे ४५ अंश सेल्सिअस. नवख्याचा पाय पहिल्याच पायरीवरून मागे येतो.

या पाण्याचे प्राचीन नाव तपोदा. मगधाची राजधानी पाच टेकड्यांच्या कुशीत होती आणि तिच्या उत्तर दरवाजाबाहेरच हे झरे होते. विनयपिटकात त्यांची एक मोठी मार्मिक कथा आहे. बिंबिसार राजा स्नानासाठी तपोदेवर आला, तो तेथे भिक्षू स्नान करीत होते. त्यांचे आटोपू द्यावे, म्हणून राजा थांबला. भिक्षूंनी अंधार पडेपर्यंत पाणी सोडले नाही. राजाचे स्नान होईतो नगराचा दरवाजा बंद झाला आणि मगधाच्या अधिपतीला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. सकाळी तो बुद्धांच्या भेटीस गेला, तेव्हा ही हकीकत उघड झाली. भिक्षूंनी पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये, असा नियम झाला. पुढे उन्हाळा, आजार, कष्टाचे काम, प्रवास अशा प्रसंगी त्याला सवलती मिळाल्या. राजाने हुकूम सोडला नाही, तो रांगेत उभा राहिला. कथेतील ही गोष्ट राजवाड्यांच्या वर्णनांपेक्षा अधिक काही सांगते.

त्या नगरीचे राजवाडे आज नाहीत. चुन्याविना रचलेल्या प्रचंड शिळांचा तट टेकड्यांच्या माथ्यांवरून सुमारे ४० किलोमीटर धावत असे. त्याचे तुकडे उरले आहेत. पाणी तेवढे वापरात राहिले. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगानेही येथे व्याधिग्रस्त लोक स्नानाला येत असल्याचे नोंदवले आहे. समोरच्या विपुलगिरीच्या पायथ्याशी मखदूम कुंड आहे. चौदाव्या शतकातील सूफी संत शरफुद्दीन याह्या मनेरी यांनी या टेकड्यांत साधना केली, त्यांच्या नावाचे ते कुंड. जैनांचे विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत यांची ही जन्मभूमी. एवढे सारे एका लहानशा गावात!

दर अधिक मासात येथे मलमास मेळा भरतो. मराठी घरांत अधिक मास म्हटले की अनारसे आणि जावई आठवतात. राजगीरच्या लोकांची श्रद्धा अशी, की त्या महिन्यात तेहतीस कोटी देव त्यांच्या गावी मुक्कामाला येतात. निमंत्रण चुकले ते फक्त कावळ्याचे, म्हणून महिनाभर तो गावात फिरकत नाही, असे ते सांगतात. सोनभांडार लेण्याविषयीही असेच. तेथील लेखावरून ते जैन मुनींसाठी कोरलेले ठरते. पण गावाच्या मते भिंतीमागे बिंबिसाराचा खजिना आहे आणि तिच्यावरील अगम्य अक्षरे ही त्याची किल्ली. पुरातत्त्वाने खजिन्याला आधार दिलेला नाही. तरी गावाची स्मृती इतिहासाला कशी जवळ ठेवते, हे समजायला ही दंतकथा उपयोगी आहे, आणि वाटेत सिलावचा खाजा खात ऐकायला तर फारच गोड.

चिंता आहे ती पाण्याची. येथे ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी टेकड्यांच्या कठीण खडकातील भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि वर येते. अर्थात, पाऊस आणि भूजल यांवरच कुंडांचे आयुष्य. अलीकडच्या काही उन्हाळ्यांत काही धारा रोडावल्या, काही आटल्या. रहिवासी बोट दाखवतो ते वाढत्या कूपनलिकांकडे. नोव्हेंबर २०२२ पासून पावसाळ्यात उचलून साठवलेले गंगेचे पाणी राजगीरच्या नळांना येऊ लागले, त्यामुळे पिण्यासाठी भूजल उपसण्याची गरज घटावी, ही अपेक्षा. परंतु हॉटेले वाढत आहेत, शेतीलाही पाणी हवे. ज्याचे पोट यात्रेकरूंवर, त्याला हॉटेलही हवे आणि कुंडही. कूपनलिकांवर बंधन घालायचे, तर प्रथम कोणाच्या, या प्रश्नाला गावातच निरनिराळी उत्तरे मिळतात.