तिला विचारलं का?

गोंडपिपरीकडे सध्या रोवणीची धांदल आहे. बांधीतल्या चिखलात पाय बाईचे, वाकलेली कंबर बाईची. आणि पऱ्हे किती, कसे लावायचे हे धुऱ्यावर उभं राहून सांगणारा दुसराच. मूल होऊ द्यायचं का, किती, हेही असंच ठरतं. सासू सांगते, नवरा सांगतो, सरकार सांगतं. तिला विचारलं का?

सरकारचंच घ्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं. मुलगा हवा म्हणून हट्ट घरच्यांचा, खुर्ची जाते तिची. तिकडे आंध्र प्रदेशानं २०२४ मध्ये हीच अट काढून टाकली. मुलं कमी पडू लागली म्हणे! आपल्या राज्यातही आता बाईमागे सरासरी दोन मुलं नाहीत. उद्या इथंही ‘वाढवा’ म्हणतील. धुऱ्यावरचा माणूस बदलेल, वाकलेली तीच.

गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी बायांना तपासलं, १९८९ मध्ये ते छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना अंगावर काढलेलं काही ना काही दुखणं होतं. मुलं किती, हे साऱ्या गावानं विचारलेलं. दुखतं कुठं, हे कोणीच नाही.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढं प्राध्यापकी गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला मोठी वाटते ती घरातली गोष्ट. मूल नको असं त्यांचं आणि पत्नी मालतीबाईंचं ठरलं, तेव्हा शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःवर करून घेतली. आणि आज? देशात लग्न झालेल्या शंभर बायांपैकी ३८ जणींची नसबंदी झालेली; नवऱ्याची, शंभरात एकाचीही नाही. शिबिरात जाऊन बघा. बाया सतरंजीवर ओळीनं पडलेल्या, नवरे बाहेर चहाच्या टपरीवर!

ज्यांना मूल नकोच आहे त्यांच्याबद्दलही बोलायचं होतं. तिथंही ‘वांझ’ ऐकून घेते ती एकटीच, त्याला कोणी... पण वेळ संपत आला म्हणून खूण होते आहे.

तेव्हा भाऊ, एवढं करा. रोवणी आटोपली की दोघं मिळून सरकारी दवाखान्यात जा. आधी तिला विचारा, मग डॉक्टरांना. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची असते, त्याच दिवशी घरी येता येतं. पुढं तीन महिने मात्र दुसरं साधन वापरायचं आणि तपासणी करून घ्यायची.