हाड, पीस आणि पेन्सिल
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी आम्ही बोलावे, अशी सूचना होती. परंतु ते काम कार्यवृत्तांत अधिक चोखपणे करील. आम्ही आज एका कागदाविषयी बोलणार आहोत. आर. के. पुरममधील आपल्यापैकीच एका घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, हा कागद अनेक वर्षे पडून होता. बदल्या झाल्या, क्वार्टर बदलले, पण ट्रंक बरोबर राहिली. कागदावर एका शाळकरी मुलीने पेन्सिलीने काढलेले एक जाडजूड हाड आहे आणि त्याच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी तिने स्वतःचा पंजा रेखाटला आहे. खाली लिहिले आहे : ‘मंडी हाऊस, रविवार.’

ज्येष्ठांना ती जागा सांगावयास नको. बाराखंबा मार्गावरील फिक्कीच्या इमारतीत ५ जून १९७८ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय उघडले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ साली, श्रीमती इंदिरा गांधींनी त्याची कल्पना मांडली होती. म्हणजे हे संग्रहालय आपल्या मंडळाच्याच पिढीतले, वयाने थोडे धाकटे. तेथे मुलांसाठी एक स्वतंत्र खोली होती. शिंगे, शिंपले, पिसे हातात घ्यावीत, न्याहाळावीत, रंगवावीत, अशी तेथे मुभा होती. सुटीच्या दिवशी डबे घेऊन, बस पकडून आपण मुलांना तेथे नेत असू. त्या काळी ते केवळ सहल म्हणून घडले. त्यात एक जुनी परंपरा चालू होती, हे आम्हांस पुष्कळ उशिरा उमगले.

त्या परंपरेचा एक धागा गोव्याहून निघतो. १६१२ साली मुकर्रबखान या सरदाराने गोव्याच्या बंदरातून काही अपूर्व प्राणी बादशहा जहाँगीरसाठी आणले. त्यांत एक टर्की कोंबडा होता. जहाँगीरने आत्मचरित्रात याविषयी मोठी मार्मिक नोंद केली आहे. आपले पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णने लिहिली, परंतु चित्रकारांकडून त्यांची चित्रे करवून घेतली नाहीत. ऐकून वाटणारे नवल पाहून वाढावे म्हणून आपण ती करविली, असा तिचा आशय आहे. उस्ताद मन्सूरच्या हातचे त्या कोंबड्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कोंबडा केव्हाच गेला. त्याच्या गळ्याखालची लोंबती कातडी मात्र चारशे वर्षांनंतरही जिवंत वाटते.

दुसरा धागा तर आपल्या घरचाच आहे. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तंजावरच्या मराठी गादीवर १७९८ ते १८३२ या काळात सरफोजीराजे होते. ग्रंथसंग्रहासाठी ते विख्यात आहेतच. पण आपल्या पदरच्या चित्रकारांकडून त्यांनी पशुपक्ष्यांची निरखून काढलेली चित्रेही करवून घेतली. त्यांतील एक संच आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने केवळ आपल्या गावची आठवण न जपता, जेथे आहोत तेथील पाखरांकडेही डोळे उघडून पाहावे, हा धडा आम्ही त्यांच्यापासून घेतो.

नमुन्यावरून चित्र काढणे दिसते तितके सोपे नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, जिची स्थापना १८८३ सालची आहे, कापूस भरलेली पक्ष्यांची कातडी ओळीने ठेवलेली आहेत. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी असते : कोठे मिळाला, केव्हा, कोणी टिपला. पिसांचे रंग बरेचसे टिकतात. पण डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंग मृत्यूनंतर लवकर उडतो. म्हणून नमुना गोळा करणाऱ्याने तो तेव्हाच चिठ्ठीवर लिहून ठेवावयाचा असतो. चित्रकाराने चिठ्ठी वाचली नाही, तर चित्र सुंदर होईल, पण खोटे होईल.

जीवाश्मांच्या बाबतीत ही जोखीम आणखी वाढते. गडचिरोलीतील सिरोंचा तालुक्याला लागून प्राणहिता-गोदावरीचे खोरे पसरले आहे. तेथील तेलंगणाच्या बाजूला साठीच्या दशकाच्या आरंभी एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे सापडली. एकट्या मांडीच्या हाडाची लांबी सुमारे १.७ मीटर, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या उंचीहून अधिक! रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून १९७५ साली त्याचे नामकरण ‘बारापासॉरस टागोराय’ असे झाले. ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. कित्येक प्राण्यांची हाडे मिळाली, दातही मिळाले, पण कवटी मिळाली नाही. आता चित्रकाराने तोंड कसे काढावे? जवळच्या नात्यातील इतर प्राण्यांवरून अनुमान करावे, हे खरे. परंतु जे सापडले ते ठसठशीत रेषेने आणि जे अनुमानाचे ते तुटक रेषेने दाखवावे, हा या विद्येतील प्रामाणिकपणा होय. आम्हांस वाटते, ही शिस्त चित्रापुरतीच नसावी. गावाकडच्या आठवणी मुलांना सांगतानाही आपण रेषा कोठे तुटक करतो, हे स्वतःस विचारावे.

२६ एप्रिल २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मंडी हाऊसच्या त्या इमारतीला आग लागली. सकाळी दूरदर्शनवर काळवंडलेल्या खिडक्या पाहिल्या तेव्हा घरातले कोणीच काही बोलले नाही. सुमारे १६ कोटी वर्षांचे डायनोसॉरचे मांडीचे हाड त्या संग्रहात होते, असे वृत्तपत्रांनी छापले. कोट्यवधी वर्षे मातीने सांभाळलेली वस्तू आपल्या हाती चाळीस वर्षेही सुरक्षित राहिली नाही, हे शल्य आहे आणि ते राहावे.

त्यानंतर काही महिन्यांनी ही ट्रंक उघडली गेली. मुलीने काढलेले हाड तेच होते काय, हे आता कोणी सांगू शकणार नाही. ते चित्र शास्त्रीयही नाही. छाया चुकली आहे. पण ती तासभर एका वस्तूसमोर बसली, तिने पाहिले, मोजले, स्वतःच्या पंजाशी ताडून घेतले. हे पाहणे जळाले नाही. ती मुलगी आज परगावी आपल्या मुलांना चित्रकला शिकविते.

म्हणून आमची मंडळाला एकच विनंती आहे. घरोघरीच्या ट्रंका उघडाव्यात आणि त्या संग्रहालयात काढलेली चित्रे मिळतील तेवढी एकत्र करून जपावीत. आणि बालमित्रांनो, तुम्ही सुटीत विदर्भात आजोळी गेलात, तर तेथील काळ्या दगडाकडे जरा निरखून पाहा. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गोगलगायींचे शंख मिळाले आहेत. ते उचलून आणू नका. पेन्सिल न्या, शेजारी आपला पंजा काढा आणि खाली गावाचे नाव व तारीख लिहा. वार तर आम्हीही लिहिला होता; तारीख मात्र राहून गेली.