सावरपाड्याच्या धावपटूच्या दोन शर्यती



कविता राऊत हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची ही कन्या 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदकाची मानकरी ठरली. त्याच वर्षी ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत तिने याच शर्यतीत रौप्यपदक मिळविले. परंतु आज मला बोलायचे आहे ते तिच्या 2016 या वर्षाविषयी.

त्या फेब्रुवारीत गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉन 2 तास 38 मिनिटे 38 सेकंदांत जिंकली. ऑलिंपिक पात्रतेची मर्यादा 2 तास 45 मिनिटांची होती. ऑगस्टमध्ये रिओला मात्र तेवढ्याच 42.195 किलोमीटरसाठी तिला 2 तास 59 मिनिटे 29 सेकंद लागले. क्रमांक 120 वा. दर किलोमीटरमागे जवळजवळ अर्धा मिनिट अधिक! आम्हा पत्रकारांना असा निकाल एका ओळीत संपविण्याची सवय, आणि वाचकही त्या ओळीवर समाधान मानतो.

मैदानावर धावणाऱ्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहता येते. मॅरेथॉनपटूला वर्षात दोन, फार तर तीन वेळा. तीस किलोमीटरनंतर स्नायूंतील साठा सरत येतो आणि उरलेले बारा किलोमीटर केवळ जिद्दीवर काढावे लागतात. गती हरपली की तेथे शर्यत सोडणारे नामांकित धावपटूही असतात.

कविताने रिओची शर्यत सोडली नाही. तीन तासांना एकतीस सेकंद कमी असताना तिने समाप्तिरेषा ओलांडली.