रोममधला एक दिवस आणि राहिलेला तास



संयोजकांना मी विषय कळवला होता ‘रोममधला एक दिवस’. घाबरू नका, फोटो दाखवणार नाही. खरं तर मला एक कबुली द्यायची आहे आणि तिची वाट रोमवरून जाते.

ऑफिसच्या कामासाठी इटलीला गेले होते. रोमसाठी एकच दिवस हाताशी होता. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, मी लगेच वेळापत्रक आखलं. सकाळी व्हॅटिकनची संग्रहालयं, दुपारी पँथिऑन, चार वाजता कोलोसियम.

व्हॅटिकनमध्ये सगळी गर्दी सिस्टीन चॅपलकडे धावत असते. मीही धावत होते. वाटेत राफाएलनं रंगवलेली दालनं लागतात. तिथल्या एका भिंतीवर ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे चित्र आहे, १५०९ ते १५११ या काळातलं. भव्य कमानींखाली ग्रीक विद्वान जमलेत. मधोमध प्लेटो आणि ॲरिस्टॉटल बोलत येतायत. उजव्या कोपऱ्यात युक्लिड वाकून पाटीवर कंपासनं आकृती काढतोय आणि भोवती मुलं दाटलीत. आपल्याच वर्गातले चेहरे वाटले.

पण मी थबकले ते कमानींमुळे. फरशीच्या रेषा, कमानींच्या कडा, सगळ्या मागे मागे जात त्या दोघांच्या मधोमध एका बिंदूत मिळतात आणि सपाट भिंत खोल होते. त्या क्षणी मला शाळेचा व्हरांडा आठवला. आठवीत चित्रकलेच्या सरांनी आपल्याला तिथं रांगेनं उभं केलं होतं. एक डोळा मिटून, पट्टी हातभर लांब धरून खांब मोजायला लावले होते. ‘काढायची घाई नको, आधी बघा,’ असं ते म्हणायचे.

आता कबुली. नववीत शुक्रवारचा चित्रकलेचा तास गणिताला गेला. तुम्हाला वाटलं असेल, शाळेनं ठरवलं. तसं नव्हतं. मी वर्गप्रमुख होते. भूमिती मागे पडतेय, असं सांगून मीच तो तास मागून घेतला. सर तिथंच बसले होते. काहीच बोलले नाहीत.

मला गणितात उत्तम गुण पडले, पुढे इंजिनीअरही झाले. तेव्हा तो तास वाया गेला, असं म्हणणार नाही. पण त्या भिंतीसमोर उभी असताना कळलं, की ज्या भूमितीसाठी मी तो तास घेतला, ती त्याच तासात शिकवली जात होती.

सिस्टीन चॅपलमध्ये मग मी धावले नाही. मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं मचाणावर उभं राहून, मान मागे टाकून ते छत रंगवलं. माझी मान अर्ध्या तासात दुखली.

दुपारी पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळातली, सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही इमारत. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या थोडा वर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा चेंडू मावेल. काँक्रीटचा घुमट, पण त्यात लोखंडाची एक सळई नाही. खाली जड दगडाची खडी, वर जावं तशी हलकी, माथ्याजवळ तर सच्छिद्र ज्वालामुखी दगड. भिंतही वर जाताना पातळ होत जाते. माथ्यावर उघडं वर्तुळ आहे. पाऊस आत पडतो, म्हणून फरशीला हलकासा उतार आणि भोकं ठेवलीत.

याच इमारतीत राफाएलची समाधी आहे. तो १५२० मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. सकाळी ज्याच्या चित्रासमोर उभी होते, दुपारी त्याच्या समाधीशेजारी बसले. वरून उतरलेला उन्हाचा गोल फरशीवरून भिंतीकडे सरकत होता. तो बघत राहिले. चार कधी वाजून गेले कळलंच नाही. कोलोसियम संध्याकाळी फक्त बाहेरून पाहिलं, पण चुटपुट लागली नाही.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात. तेव्हा तुमची परवानगी न घेता तुमचा तास घेतला, त्याबद्दल सगळ्यांसमोर माफी मागते. जेवणानंतर आम्ही सगळे त्याच व्हरांड्यात उभे राहणार आहोत. पट्ट्या मी आणल्या आहेत. तेवढा राहिलेला तास घ्याल ना?