संपेल की नाही, तेवढं सांग



सकाळपासून तिघांनी विचारलं, "तू कॉम्प्युटरवाली ना, मग एआय आता सगळंच करणार का गं?" एआयचं भविष्य मला सांगता येत नाही. पण कॉम्प्युटरला कधीच जमणार नाही अशी एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. ती ॲलन ट्युरिंगनं 1936 साली दाखवून दिली. तेव्हा तो जेमतेम तेविशीत होता आणि आजच्यासारखे कॉम्प्युटर जन्मायचे होते!

आजच्या भाषेत प्रश्न असा: कुठलाही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की फिरतच राहील, हे आधी सांगणारा 'ज्योतिषी' प्रोग्रॅम लिहिता येईल का?

समजा, लिहिला. आता मी एक हट्टी प्रोग्रॅम लिहिते. तो ज्योतिष्याला स्वतःबद्दलच विचारतो. उत्तर 'थांबशील' आलं, की फिरत बसतो. 'थांबणार नाहीस' आलं, की लगेच थांबतो. (असा एक मुलगा आपल्या वर्गात होता. नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय.) ज्योतिषी काहीही म्हणो, चुकणारच. म्हणजे असा ज्योतिषी असूच शकत नाही, मशीन कितीही वेगवान आणा.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझा पगाराचा प्रोग्रॅम रात्री अडकल्यासारखा दिसला. एरवी चाळीस मिनिटं लागायची, त्या दिवशी तीन तास झाले. साहेब फोनवर म्हणाले, "संपेल की नाही, तेवढं सांग." मी घाबरून बंद केला. सकाळी कळलं, त्या महिन्यात माहितीच वाढली होती. तो नीट चालला होता. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्या दिवशी सफाईच्या मावशींनी विचारलं, "ताई, पगार नाही का आला?"

इथे ट्युरिंगच्या आड लपता येत नाही. सगळ्या प्रोग्रॅमांना लागू पडेल अशी एकच रीत नाही, एवढंच तो सांगतो. माझ्या त्या एका प्रोग्रॅमचं सांगता आलं असतं. किती काम उरलंय हे दाखवणारी एक ओळ मी लिहिली नव्हती.

बाई, हे खास तुमच्यासाठी. कुठलीही नैसर्गिक संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून 1 मिळवा, आणि हेच करत राहा. शेवटी दरवेळी 1 येतोच का, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. 27 घेतली तर 111 पायऱ्या लागतात, मध्येच ती 9232 पर्यंत चढते. पानं वाढेपर्यंत करून बघा रे! वही तपासायला बाई आहेतच.