पाटीवरचा नोंदणी क्रमांक नेमका कशाचा?





तालुक्याच्या रस्त्याला लागलं की 'अनाथ व निराधार मुलांचं वसतिगृह' अशी पाटी दिसते. खाली देणगीसाठी क्यूआर कोड आणि एक नोंदणी क्रमांक. तो क्रमांक बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्तांकडचा असतो आणि लोक फसतात ते तिथेच. ट्रस्ट नोंदवला म्हणजे मुलं ठेवायची परवानगी मिळाली असं नव्हे. ती बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली वेगळी घ्यावी लागते. 'आम्ही सरकारचा एक पैसाही घेत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. अनुदान घ्या, नका घेऊ, नोंदणी चुकत नाही. कलम ४२ प्रमाणे विनानोंदणी संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अर्जाला होणारा दर तीस दिवसांचा उशीर हा वेगळा गुन्हा धरला जातो. तेव्हा कायदा लेचापेचा आहे, ही तक्रार कृपया नको.

तमिळनाडूतल्या अनाथालयांतल्या शोषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ ला निकाल दिला आणि देशातल्या सगळ्या बालसंगोपन संस्थांची नोंदणी त्या वर्षाअखेर पूर्ण करायला सांगितलं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने देशभर पाहणी केली, तेव्हा ९,५८९ संस्था मोजल्या गेल्या होत्या. त्यांतल्या जेमतेम ३२ टक्के या कायद्याखाली नोंदलेल्या होत्या.

आता एक हजेरीवही सांगते. गाव आणि संस्था सांगत नाही. महिन्याची वीस तारीख होती आणि वहीत तीस तारखेपर्यंतची हजेरी भरून ठेवलेली होती, एकाच पेनाने, एकाच हातची. त्याहून बोलका होता शेवटचा रकाना: 'आईचा मोबाईल नंबर'. पाटीवर अनाथालय, आणि जवळपास प्रत्येक मुलापुढे आईचा नंबर! मी दोन-तीन नंबर लावले. एक आई कारखान्यावर कोयता घेऊन गेली होती, एक मुंबईत धुणीभांडी करत होती. दोघींनीही विचारलं, "पोरगं बरं हाय ना?"

या आया पोरं टाकून गेलेल्या नाहीत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी निघते ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाही; पोर फडावर न्यावं तर शाळा बुडते, गावात ठेवावं तर आजी थकलेली. शिक्षण विभागाची हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती कधी सुरू होतात आणि टोळी कधी निघते, याचा मेळ किती वेळा बसतो ते बीडच्या मंडळींनी मला सांगावं. बालसंगोपन योजनेत पात्र मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. ते वेळेवर हातात पडले तर कितीतरी विधवा आया पोराला घरीच ठेवतील. पण वाढदिवसाला अनाथाश्रमात केक कापणाऱ्या पाहुण्यांना हे कोण सांगणार? ते फोटो काढून घरी जातात. जाताना तिथल्या संस्थाचालकाला एवढंच विचारावं, की बालगृहाचं प्रमाणपत्र भिंतीवर कुठं लावलंय?

आळंदीचं उदाहरण ताजं आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेची परंपरा मोठी आहे, तिच्याविषयी मी बोलत नाही. पण तिच्या भोवताली भाड्याच्या खोल्यांतून खासगी निवासी संस्था फोफावल्या, काही ठिकाणी लहान मुलांवर अत्याचार झाल्याचे गुन्हे दाखल झाले, आणि अनधिकृत संस्था बंद करा म्हणून गावकरीच उभे राहिले. जे डोळ्यांसमोर वाढत होतं, त्यावर गुन्हे दाखल होईपर्यंत कागद का हलला नाही?

याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं: 'हे आमच्या अखत्यारीत येत नाही.' अर्धं खरं आहे. नोंदणी देतं राज्य सरकार, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीचं वजन वाढलंय. जिल्हा तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी जायचं असतं. पण समिती जाते ती तिच्या यादीतल्या संस्थेत. विनानोंदणी संस्था यादीतच नसते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, ती असते तुमच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत. नळजोडणी तुम्ही दिलीत, बांधकामाचा अर्ज तुमच्याकडे आला, शाळेचा पट अचानक पंचवीसने वाढला तेव्हा मुख्याध्यापक शाळा व्यवस्थापन समितीत बोलले. गावाला माहीत असतं हो. ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच आहेत आणि सचिव अंगणवाडीताई. पण तिचं इतिवृत्त बऱ्याच गावांत मागच्या वर्षीचं खाडाखोड करून वापरतात. आणि कलम ३२ तर कुणालाच सोडत नाही. पालकांविना एकटं पडलेलं मूल ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याने चोवीस तासांत कळवायचं. बाल मदतवाहिनीचा १०९८ लावायला ठराव लागत नाही.

'वसतिगृह' ही पळवाट मात्र मोठी आहे. शिक्षणासाठी मुलं ठेवली म्हटलं की बालविकास विभाग शिक्षण विभागाकडे बोट दाखवतो, शिक्षण विभाग आदिवासी विकासकडे किंवा समाजकल्याणकडे. मूल रात्री झोपतं त्या इमारतीचा वाली कोण, हे एका कागदावर यायला हवं. तो कागद ग्रामपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या दप्तरात असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि टाळं ठोकण्याची घाई करू नका. संस्था सील झाली की वर्तमानपत्रात बातमी येते, पण त्या संध्याकाळी मुलांना जेवायला कोण घालतं? प्रत्येक मूल बालकल्याण समितीपुढे यायला हवं, घरची चौकशी व्हायला हवी, आणि सोडायला कुणीतरी सोबत जायला हवं. त्या माणसाचं एसटीचं तिकीट कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचं, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मुलं अडकून पडलेली मी त्यावरच पाहिली आहेत. दुपारच्या सत्रात लेखा विभागाचे अधिकारी येणार आहेत. पहिला विषय तोच घ्यावा, अशी या सभेची अध्यक्ष म्हणून सूचना करते.