शंभर वार



मुलांनो, मघाशी शाळेच्या अहवालवाचनात तुम्ही वर्षभर साजरे केलेले दिन ऐकले. योग दिन, वाचन प्रेरणा दिन, प्रभातफेरी, चौपाटीची सफाई. फार बरं वाटलं. एक दिन मात्र त्यात नव्हता, आणि तो नसणारच. 31 मे, जागतिक तंबाखूविरोधी दिन. तेव्हा तुम्ही सुट्टीत गावाला आंबे खात असता!

माझे वडील इथल्याच गिरणीत साच्यावर होते. रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून तळहातावर तंबाखू-चुना मळायचे आणि बार भरायचे. आई सकाळी मिश्री लावायची. आमच्या चाळीत कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. मग एक दिवस वडिलांचं तोंडच पुरतं उघडेना. आईने भात मऊ कालवला, तरी घास आत जाईना. कर्करोगाचं टाटा रुग्णालय आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. 28 फेब्रुवारी 1941 पासून ते परळमध्ये उभं आहे, सगळ्या देशातून माणसं तिथे येतात. आम्ही रोज त्याच्यावरून जायचो, पण आत पाऊल टाकलं ते त्या दिवशी.

आजही त्या रस्त्याने गेलात तर दिसतील. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाइल, काखेत सतरंजी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता विचारणारी माणसं. त्यांना नीट वाट दाखवलीत तरी ते मोठं काम आहे. त्यासाठी कुठला दिन लागत नाही.

आता माझं मागणं. 2003 चा कायदा सांगतो की शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही. यार्ड म्हणजे आपला वार. माझ्या वडिलांनी आयुष्यभर कापड मोजलं तोच. शंभर वार म्हणजे साधारण 91 मीटर, आणि ते फक्त फाटकापासून नाही, कुंपणाच्या भिंतीपासून चहूबाजूंनी मोजायचे. भूमितीच्या तासाला काढता ते वर्तुळ आता गल्लीत काढून बघा. आत किती टपऱ्या येतात, तंबाखूबंदीची पाटी बाहेर दिसेल अशी लावली आहे का, सगळं नकाशावर मांडा. 4 फेब्रुवारीच्या कर्करोग दिनाला घोषणांच्या फलकाशेजारी तो नकाशा लावा. पुढचा अर्ज मुख्याध्यापिका बाई आणि पालक करतील.

एक सांगते, टपरीवाल्याशी हुज्जत घालायची नाही. त्याच्याही घरी तुमच्याएवढी मुलं असतील, आणि पुडी तोही खात असेल. तुम्ही फक्त मोजायचं.

बाईंची परवानगी मी आधीच घेतली आहे. शनिवारी शाळा सुटली की फाटकापाशी उभी असेन. टेप माझ्याकडे आहे, दुसरं टोक धरायला आठवीतलं कुणीतरी या.